सोबतीसाठी अर्ज

आमच्या वस्तीत तिला सगळे लिफ्टवाली मावशी म्हणतात. वस्तीपासून बसने पाऊण तासावर सरकारी हॉस्पिटल आहे. सात मजली, तीन इमारती एकमेकींना चिकटलेल्या. त्या हॉस्पिटलच्या जुन्या लिफ्टमध्ये तिने सव्वीस वर्षं काढली. जाळीचा दरवाजा ओढायचा, दांडा फिरवायचा, मजला ओरडून सांगायचा. बटणांची लिफ्ट बसवली तेव्हा तिला निवृत्त केलं. लिफ्ट आणि आपण एकाच दिवशी भंगारात निघालो, असं ती स्वतःच हसत हसत सांगायची.

मी वस्तीतल्या छोट्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. खिडकीतून गोळ्या द्यायच्या, कुठली कधी घ्यायची ते सांगायचं, एवढंच माझं काम. पण खिडकीवर बसणाऱ्याला बरंच दिसतं. आमच्या डॉक्टर तरुण आहेत आणि मन लावून तपासतात. मोठं काही वाटलं की चिठ्ठी लिहून हॉस्पिटलला पाठवतात. तिथे कमी कमाई असलेल्यांना उपचार फुकट आहेत. तरी दहा जणांना चिठ्ठी दिली की चार जण पोचायचे. बाकीचे महिन्या-दोन महिन्यांनी तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा आमच्याकडे, आणि दुखणं तोवर दुप्पट झालेलं. डॉक्टरांना वाटायचं, लोक हयगय करतात. मलाही तसंच वाटायचं.

आमचा हा समज नळवाल्यामुळे मोडला.

नळवाला म्हणजे वस्तीतले नळ दुरुस्त करणारा. साखरेचा आजार जुना, त्यात पायाला जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांनी त्याच दिवशी चिठ्ठी दिली. तो तीन वेळा हॉस्पिटलला गेला आणि तीन वेळा पायाला हात न लागता परत आला. डॉक्टर रागावल्या तेव्हा तो म्हणाला, "तीन वेळा गेलो, तीन वेळा इमारत बघून आलो." पहिल्या दिवशी चुकीच्या रांगेत दुपारपर्यंत उभा होता. दुसऱ्या दिवशी रांग बरोबर मिळाली, पण फुकट उपचारांसाठी लागणारा शिक्का कागदावर नव्हता. तिसऱ्या दिवशी शिक्क्याची खोली शोधता शोधता ओपीडी बंद झाली. प्रत्येक खेपेला एका दिवसाची कमाई बुडाली ती वेगळीच. पायाची बोटं तोवर काळी पडायला लागली होती.

त्याची बायको मावशीकडे गेली. तिला तिथलं माहीत असेल, एवढीच आशा. मावशीने विचारलं नाही की मीच का. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती चप्पल घालून तयार होती. दुपारी बारापर्यंत नळवाला पलंगावर होता आणि डॉक्टर त्याचा पाय बघत होते. दोन बोटं गेली, पाय राहिला. आणखी आठवडा गेला असता तर घोट्यापासून कापावा लागला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

ही बातमी वस्तीत पसरायला किती वेळ लागणार! कुणाच्या आईचे डोळे, कुणाच्या नवऱ्याचा खोकला, कुणाच्या सुनेची सोनोग्राफी. आठवड्यातले चार दिवस मावशी हॉस्पिटलला जाऊ लागली. कुणी काही देऊ केलं तर फक्त बसचं तिकीट घ्यायची. तिची लेक मात्र वैतागली. ती कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करायची, दिवसभर वाफेत उभी. घरी यावं तर आई गुडघ्यांना शेक देत बसलेली, आणि दारात उद्याचा पेशंट उभा. लेक मला एकदा खिडकीवर म्हणाली की आईला नाही म्हणता येत नाही आणि लोकांना थांबता येत नाही, मधल्यामध्ये गुडघे चाललेत. तिचं खोटं नव्हतं. मावशीच्या गुडघ्यांच्या गोळ्या मीच द्यायचो.

अशात डॉक्टरांच्या हाती एक परिपत्रक आलं. शहरातल्या गरीब वस्त्यांना उपचारांपर्यंत पोचणं सोपं व्हावं म्हणून एका निधीने अर्ज मागवले होते. वस्तीनेच सांगायचं, काय हवं ते. डॉक्टरांनी दवाखान्याच्या बाकांवर सभा बोलावली. पन्नासेक माणसं आली, अर्धी उभी. कुणी म्हणालं रुग्णवाहिका मागा. कुणी एक्स-रे मशीन. एकाने तर दवाखान्यावर दुसरा मजलाच चढवला. डॉक्टर सांगत होत्या की मशीन आलं तर ते चालवणारा माणूस कुठून आणायचा, ठेवायचं कुठे. पण कुणाच्या कानावर जात नव्हतं.

नळवाला पाय बाकावर लांब करून बसला होता. तो म्हणाला, "मला मशीन नव्हतं लागत. मशीनं तिथे पोत्याने आहेत. मला मावशी लागत होती."

लोक हसले. मग मशीनचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. तिथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी मावशीबरोबर जाऊन आलेलं होतं.

अर्ज लिहायचं काम लेकीवर आलं, कारण तिचं अक्षर चांगलं आणि ती चिडलेली होती. चिडलेला माणूस नेमकं लिहितो, असं डॉक्टरांचं मत. अर्जात रकाने होते: उपकरणं, औषधं, बांधकाम, प्रशिक्षण. पेशंटबरोबर चालणाऱ्या माणसासाठी रकानाच नव्हता. शेवटी 'इतर' असं लिहून दोन ओळी सोडल्या होत्या. लेकीने त्यात लिहिलं: 'चार माणसं हवीत. हॉस्पिटल ज्यांच्या पायाखालचं आहे अशी, आणि ज्यांना घाई नाही अशी. एकट्या बाईने हे किती दिवस करायचं?'

शेवटचं वाक्य खोडावं का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, राहू दे.

दीड महिन्याने निधीच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याबद्दल ऐकून होतो की भुलवणारे अर्ज त्या पहिल्या पानावरच ओळखतात. तसं असायलाच हवं. निधी थोडा आणि हात पसरणारे फार. त्यांनी दवाखाना पाहिला, माझी नोंदवही चाळली, मग मावशीसमोर बसल्या. शिक्षण किती, तर सातवी. नर्सिंगचा काही कोर्स, तर नाही. आजवर किती लोकांना नेलं, तर मोजले नाहीत. बाई वहीत लिहीत होत्या आणि आमचे चेहरे उतरत होते.

पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, हे काम घरच्यांनी का करू नये? मावशीने सांगितलं की घरचा माणूस आला तर दोघांची मजुरी बुडते, आणि तोही पेशंटइतकाच हरवलेला असतो. मग बाई सरळच म्हणाल्या, "राग मानू नका. पाट्या लावलेल्या असतात, खिडक्यांवर माणसं असतात. विचारत विचारत कुणीही पोचेल. समितीला मी काय सांगू?"

मावशीला राग आला नाही. ती म्हणाली, "परवा एकीला न्यायचंय. तुम्हीच घेऊन जाता का तिला? मी दाराजवळ बसते. ओळखपत्र तेवढं घरी ठेवा."

बाई हो म्हणाल्या. हा त्यांचा मोठेपणा मी आजही मानतो. दुसऱ्या कुणी घड्याळ बघितलं असतं.

पुढचं मला स्वतः बाईंनीच सांगितलं, आणि काही इस्त्रीवालीने. न्यायची होती ती ही इस्त्रीवाली, लेकीबरोबर कारखान्यात काम करायची. तिच्या गळ्याला गाठ आली होती आणि आवाज घोगरा झाला होता. बोलायची कमी, त्यात गाठीची भीती. सकाळी सव्वाआठला मावशी मोठ्या दाराजवळच्या बाकावर टेकली आणि या दोघी आत गेल्या.

बाई शिकलेल्या, वाचणाऱ्या, विचारायला न लाजणाऱ्या. चार नंबरच्या खिडकीवर रांग लावली. नंबर आल्यावर कळलं की नव्या पेशंटचा केसपेपर अकरा नंबरला. अकरावर शिक्का मागितला. शिक्का कुठे मिळतो, तर समाजसेवा विभागात. तो कुठे, तर पुढे. पुढे गेल्या तर औषधांचं कोठार. तिथल्या माणसाने मागच्या बाजूला हात केला. मागच्या बाजूला 'प्रवेश नाही' अशी पाटी लावलेलं दार. पाटी वाचून बाई शहाण्या माणसासारख्या परत फिरल्या. पहिल्या मजल्यावर गेल्या, जोडपुलावरून दुसऱ्या इमारतीत उतरल्या, तळघरात धुलाईच्या गाड्यांमध्ये अडकल्या आणि पावणेअकराला पुन्हा चार नंबरच्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या. कपाळावर घाम, हातात तोच कोरा कागद.

इतका वेळ मागून मुकाट्याने चालणारी इस्त्रीवाली तेव्हा पहिल्यांदा बोलली. "बाई, तुम्ही दमलात. बसा जरा." बाई बसल्या. मग ती तिच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी एकटी असते तर दहालाच घरी गेले असते."

बाईंनी मला सांगितलं की एवढ्या वर्षांत शेकडो अहवाल वाचले, पण लोक उपचार अर्धवट का सोडतात ते या एका वाक्याने कळलं.

दोघी दाराकडे परतल्या. मावशी बाकावरच होती. तिने "कळलं ना?" असं विचारलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठली आणि चला म्हणाली. 'प्रवेश नाही'ची पाटी लावलेलं दार तिने सरळ ढकललं. पाटी कधीकाळी रंगकाम चालू असताना लावली होती, काढायची राहून गेली. त्या दारामागे समाजसेवा विभाग. तिथे शिक्का, तिथून अकरा नंबर, मग दुसऱ्या मजल्यावर कान-नाक-घसा. जिना चढताना ती इस्त्रीवालीच्या एक पायरी मागे राहिली, पुढे गेली नाही. वाटेत सफाईवाल्या, वॉर्डबॉय, एक म्हातारे डॉक्टर, सगळे तिला ओळख देत होते.

बाईंना शंका आली. त्यांनी विचारलं, हा सगळा वशिल्याचा मामला नाही ना?

मावशी थांबली. "वशिला कसला बाई? रांग मी कधी मोडत नाही. रांग कुठली ते फक्त सांगते."

आणि खरंच, कान-नाक-घशाच्या रांगेत त्या सगळ्यांसारख्याच बसल्या, एकोणिसावा नंबर. वेळ संपता संपता आत बोलावणं आलं. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि भराभर सांगितलं: सुईने तपासणी, गुरुवारी, उपाशीपोटी यायची गरज नाही, अहवालावर ऑपरेशन ठरेल, बहुतेक साधी गाठ असावी. इस्त्रीवाली मान डोलावत राहिली. बाहेर आल्यावर मावशीने तिला विचारलं, काय म्हणाले सांग बघू. ती बाईंकडे बघायला लागली. तिला फक्त 'ऑपरेशन' आठवत होतं. बाकी सगळं त्या शब्दाने पुसून टाकलं होतं. डोळे भरले होते.

मावशीने दारावर टकटक केली. डॉक्टर त्रासले, पुढचा पेशंट आत होता. ती दारातच उभी राहिली आणि पुढचा पेशंट उठेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "डॉक्टर, पुन्हा एकदा सांगाल का? या बाईला. मला नको." डॉक्टरांनी मान वर करून तिला ओळखलं असावं. शिकाऊ असताना तिच्या लिफ्टमधून ते कितीदा वरखाली झाले असतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, इस्त्रीवालीला बसवलं, आणि या वेळी तिच्याकडे बघत सावकाश सांगितलं. साधी गाठ असण्याची शक्यता जास्त, हे वाक्य तिला या खेपेला ऐकू गेलं. ती जिन्यावरून खाली उतरली तेव्हा तिच्या जिवात जीव आला होता.

बाई मला म्हणाल्या की दारं दाखवणं कुणालाही शिकवता येईल, पण त्या बंद दारावर पुन्हा टकटक करायला जे लागतं, त्यासाठी निधी कुठल्या रकान्यातून द्यायचा याचाच विचार त्या परतताना बसमध्ये करत होत्या.

समितीत काय घडलं ते थोडंफार कळलं. एकाने विचारलं म्हणे, आता लोकांबरोबर चालायचेही पैसे द्यायचे का? त्यावर बाईंनी कुठलाही तक्ता पुढे केला नाही. आपण स्वतः अडीच तास कसे हरवलो, ते सगळ्यांसमोर सांगितलं, तळघरातल्या धुलाईच्या गाड्यांसकट. हुद्द्यावरच्या माणसाने स्वतःची फजिती अशी भरल्या बैठकीत सांगणं सोपं नसतं. निधी मंजूर झाला. मागितला होता दोन वर्षांसाठी, मिळाला एक वर्षासाठी. चार माणसं मागितली होती, तीन मिळाली.

हे सांगायला बाई पत्र न पाठवता स्वतः आल्या. चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या की एक अडचण आहे. नेमणुकीला साठची वयोमर्यादा आहे, नियम बदलायचा प्रयत्न केला पण जमला नाही. मावशी त्रेसष्टची. ज्या बाईमुळे हे पद निघालं तीच त्या पदावर बसू शकत नव्हती. बाईंना मान वर करवत नव्हती.

मावशी एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, माझ्या गुडघ्यांनी जाऊन समितीला सांगितलं वाटतं.

पण बाईही कच्च्या नव्हत्या. प्रशिक्षणाच्या रकान्याला वयाची अट नव्हती. त्यांनी मावशीला प्रशिक्षक म्हणून घेतलं. तसं छापील पत्र आलं तेव्हा ती ते वाचून दाखवायला माझ्या खिडकीवर आली आणि 'प्रशिक्षक' या शब्दावर दोनदा अडखळली, अक्षर न लागल्याने नव्हे.

तीन जागांवर कोण, तर एक नळवाला. जड हत्यारांची पिशवी घेऊन फिरणं आता त्याला जमत नव्हतं, आणि हॉस्पिटलला घाबरणाऱ्याच्या पोटात काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दुसरी, घरोघर वर्तमानपत्रं टाकणारी एक बाई, पत्ते तोंडपाठ. तिसरी जागा लेकीने मागितली. इस्त्रीची नोकरी सोडून. मावशी नको म्हणत होती. लेक म्हणाली, तुला जाऊ नको म्हणून दोन वर्षं भांडले, आता निदान मला कळू तरी दे की तू कशासाठी जात होतीस.

आठ दिवस मावशीने तिघांना हॉस्पिटलमध्ये फिरवलं. खिडक्या, खोल्या, वेळा हे सगळं दोन दिवसांत झालं. उरलेले सहा दिवस तिने दुसरंच शिकवलं. पेशंटच्या चालीने चालायचं, आपल्या नाही. चार लोकांत त्याच्या आजाराचं नाव घ्यायचं नाही. 'काही होणार नाही' असं कधीही म्हणायचं नाही, कारण ते आपल्या हातात नसतं; 'मी आहे' म्हणायचं, कारण ते असतं. डॉक्टर बोलले ते पेशंटकडून वदवून घ्यायचं, आणि त्याला जमलं नाही तर पुन्हा दार वाजवायचं. नळवाला म्हणाला, दार वाजवायची लाज वाटते. मावशीने त्याला त्याच दिवशी वेगवेगळी नऊ दारं वाजवायला लावली.

वर्ष संपलं तेव्हा आमच्या डॉक्टरांनी नोंदवही काढली. दहा चिठ्ठ्यांमागे आता नऊ जण पोचत होते. इस्त्रीवालीची गाठ साधीच निघाली, ऑपरेशन होऊन ती कामावर गेली. 'प्रवेश नाही'ची पाटी हॉस्पिटलने काढली, तिथे बाण काढून विभागाचं नाव लिहिलं. निधी पुढच्या तीन वर्षांसाठी वाढवून मिळाला आणि आणखी दोन वस्त्यांनी तशीच माणसं मागितली. अर्जाच्या नव्या छापील नमुन्यात आता एक रकाना जास्त आहे: सोबत.

पण मला सांगायची ती गोष्ट याआधीची, पहिल्या सोमवारची. दवाखाना बंद करून मी मावशीच्या घरी गोळ्या पोचवायला गेलो होतो. लेक पहिला दिवस करून नुकतीच आली होती. पदर खोचायचंही भान नव्हतं, दारातच बसून बोलत होती. एका म्हाताऱ्या बाबांना घेऊन गेली होती. जाताना बसमध्ये ते चकार शब्द बोलले नाहीत. वर्षभर चुकीचा कागद जपून ठेवला होता, तो दाखवला की सगळे परत पाठवायचे आणि ते परत जायचे. आज योग्य कागद झाला, छातीचा फोटो निघाला, औषध सुरू झालं. येताना बसमध्ये त्यांनी तिला स्वतःची खिडकीची जागा दिली.

"आणि उतरताना विचारलं," लेक म्हणाली, "पुढच्या सोमवारी तूच येशील ना?"

मावशी भिंतीला टेकून ऐकत होती. लेकीने मग त्या बाबांच्या घराची वळणं सांगितली, त्यांची दारातली चप्पल फाटली आहे हे सांगितलं, डॉक्टर काय काय म्हणाले ते ओळीने म्हणून दाखवलं. कुठे अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. मी गोळ्यांची पुडी फडताळावर ठेवली आणि निघालो. गल्लीच्या वळणापर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता.